दहावीच्या वर्गशिक्षकांनो, आयटीआयचा फॉर्म भरण्याआधी मुलांना वर्कशॉप दाखवा

दहावीचे वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक छोटं मशिन शॉप चालवतो. आसपासच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग येतं, आमच्याकडे त्याचं टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग होतं आणि माल पुढच्या कंपनीला जातो. कामावरची बहुतेक पोरं आयटीआयची. म्हणजे तुमच्या वर्गातून बाहेर पडलेला मुलगा दोन-तीन वर्षांनी प्लास्टिकच्या फाइलमध्ये सर्टिफिकेट घेऊन माझ्या दारात उभा असतो. अशी पत्रं लोक मंत्र्यांना लिहितात, संचालनालयाला लिहितात. तुम्हाला लिहितोय, कारण कुठला आयटीआय आणि कुठला ट्रेड, म्हणजे कुठल्या कामाचं शिक्षण, हे ठरतं त्या आठवड्यात मुलाच्या ओळखीतलं सगळ्यात शिकलेलं माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता.

मागणी आधीच सांगून टाकतो. दिवाळीनंतर आणि पूर्वपरीक्षेच्या आधी दहावीच्या मुलांना एकदा आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आणा. जमलं तर पालकांनाही. का, ते खाली लिहितो.

सध्या काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. निकाल लागतो. मार्क कमी असले की स्टाफरूममधून कुणीतरी म्हणतं, "ह्याला आयटीआयला घाला." मार्क बरे असले तर आयटीआयचं नावच निघत नाही, सायन्स की कॉमर्स एवढाच प्रश्न उरतो. मग तो मुलगा महा ई-सेवा केंद्रात जातो. बरोबर बाप असतो, नाहीतर मित्र. रांग असते. ऑपरेटर मान वर न करता विचारतो, "कुठला ट्रेड टाकू?" इलेक्ट्रिशियन. का, तर गल्लीतल्या दादानं तोच केला होता. "अजून?" फिटर. "अजून?" टाका कुठलाही. संस्था कुठली, तर एसटीच्या पासात बसेल ती.

आणि हा फॉर्म वाटतो तितका लवचीक नसतो. राज्यात प्रवेश ऑनलाइन, केंद्रीय पद्धतीनं, गुणवत्तेप्रमाणे फेऱ्या लावून होतात. पहिल्या फेरीत मुलाला त्यानं पहिल्या क्रमांकावर टाकलेलाच विकल्प मिळाला, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून तो बाद. रांगेत उभ्या उभ्या "टाका" म्हणून टाकलेली पहिली ओळ अशी गळ्यात पडते.

"ह्याला आयटीआयला घाला" या वाक्यातही एक घोळ आहे, सर. शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनसाठी चांगल्या टक्क्यांची पोरं रांगेत असतात. काठावर पास झालेल्याला तिथे जागा मिळत नाही. मिळते ती कुठेतरी लांब, नाहीतर पैसे भरून खाजगीत. म्हणजे ज्याला सगळ्यात चांगल्या वर्कशॉपची गरज, त्याच्या वाट्याला उरलेलं वर्कशॉप. आणि ज्याच्या हातात खरोखर कसब आहे, घरची मोटर, मिक्सर उघडून बसतो, पण मार्क पंचाऐंशी आहेत, त्याच्यापुढे तुम्ही हा पर्याय ठेवतच नाही. तो अकरावी सायन्सला जातो, बारावीला गणितात अडकतो आणि दोन वर्षं घालवून मग आयटीआयचा फॉर्म भरतो. असे उमेदवारही माझ्याकडे येतात.

म्हैस घ्यायची झाली तर आमच्याकडचा शेतकरी कास बघतो, दात बघतो, दोन वेळचं दूध काढून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. त्याच घरातला पोरगा दोन वर्षं जिथे घालवणार, ती जागा मात्र कुणी डोळ्यांनी बघत नाही.

बघणं का गरजेचं, त्याचा हिशेब साधा आहे. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयानं 2022 मध्ये अभ्यासक्रम सुधारले. त्यात आयटीआयच्या एका वर्षाचे 1200 तास धरले आहेत आणि त्यातले 840 तास प्रॅक्टिकलचे. म्हणजे आयटीआय ही मुळात वर्गखोली नाहीच, ती वर्कशॉप आहे, तिला जोडून एक वर्गखोली आहे. वर्कशॉप बंद असेल, मशिन बिघडलेलं असेल, लोखंड आलेलं नसेल, तर मुलाचे ते 840 तास मोबाइलवर जातात. सर्टिफिकेट मात्र तरीही मिळू शकतं. थिअरीची परीक्षा हल्ली कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायची असते, पासिंग 33 टक्के. प्रॅक्टिकलला 60 टक्के लागतात, पण ते मार्क कसे पडतात हे संस्थेगणिक बदलतं. त्यामुळे मार्कलिस्ट बघून मी कुणाला घेत नाही आणि माझ्यासारखे बाकीचेही घेत नाहीत.

मी काय करतो ते सांगतो. टेबलावर टर्न केलेली एक पिन ठेवलेली असते, पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या आसपासची. शेजारी व्हर्नियर, बारीक माप घ्यायचं हत्यार. माप सांग म्हणतो. मागे एकाच दिवशी दोन मुलं आली होती, दोघंही फिटर. पहिल्याच्या मार्कलिस्टवर थिअरीला नव्वदच्या पुढे. त्यानं व्हर्नियर उचललं, पिनला लावलं, मेन स्केल वाचली आणि म्हणाला, "चोवीस." पुढचं? "पुढचं नाही शिकवलं, सर." दुसऱ्यानं आधी खिशातला फडका काढून जबडे पुसले. व्हर्नियर पूर्ण बंद करून झिरो जुळतोय का बघितलं, उजेडाकडे धरून फट दिसते का बघितलं. मग पिनला एकदा लावलं, पिन पाव फेरा फिरवून परत लावलं. "चोवीस पॉइंट चौऱ्याण्णव. या बाजूनं शहाण्णव. थोडी ओव्हल आहे, सर." ओव्हल होतीच, मी मुद्दाम तसली ठेवतो. दोघांच्या प्रॅक्टिकलच्या मार्कांत फरक म्हणावा असा नव्हता. पहिल्याची संस्था चकचकीत, प्रवेशद्वारावर कमान, बागेत कारंजं. दुसरा एका डोंगरी तालुक्यातल्या आयटीआयचा, जिथे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशिन तर सोडाच, लेथसुद्धा जुन्या काळचे. पण तिथले निदेशक रोज सकाळी वीसच्या वीस पोरांकडून माप घेऊन वहीत लिहून घ्यायचे.

म्हणून बघायला गेलात तर पहिल्यांदा निदेशक बघा. शासनाच्या कागदावर त्यांना शिल्पनिदेशक म्हणतात, पोरं नुसतं सर म्हणतात. एका तुकडीत साधारण वीस मुलं आणि त्यांना एक निदेशक, अशी रचना असते. सरळ विचारा: या ट्रेडला निदेशक आहेत का, कायम आहेत की तासिका तत्त्वावर, गेल्या वर्षी हेच होते का? तासिकेवरचा माणूस वाईट शिकवतो असं अजिबात नाही, काही जण कायमवाल्यांपेक्षा जीव तोडून शिकवतात. पण ऑक्टोबरमध्ये ते सोडून गेले आणि नवे फेब्रुवारीत आले, तर मधल्या महिन्यांत पोरांनी काय केलं, हे विचारायला हवं. एकच निदेशक दोन ट्रेड सांभाळतोय का, हेही. निदेशक व्हायला सीआयटीएस नावाचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते झालंय का विचारलं तर चांगला माणूस रागावत नाही, उलट खूश होतो.

मग भंगाराचा डबा बघा. हसू नका. वेल्डरच्या शॉपमध्ये रॉडचे जळके तुकडे पायाखाली यायलाच हवेत. जमीन स्वच्छ झाडलेली, टेबलावर रंगीत चार्ट आणि डब्यात एकही तुकडा नाही, तर तिथे वेल्डिंग होत नाही, वेल्डिंगची चित्रं दाखवली जातात. फिटरच्या शॉपमध्ये कानशी हातात घेऊन बघा. दात बोथट झालेले असतील तर पोरांना लोखंड घासायला मिळालंय. सगळ्या कानशी नव्याकोऱ्या असतील तर त्या कपाटात राहतात आणि तपासणी आली की बाहेर येतात. लेथच्या बेडवर बोट फिरवा. तेलकट काळपट लागलं तर ठीक, तांबूस गंज लागला तर मशिन बंद आहे. इलेक्ट्रिशियनच्या शॉपमध्ये पॅनेल चालू करून दाखवा म्हणा. थ्री फेजचं कनेक्शनच नसेल तर मोटर स्टार्टरची जोडणी फळ्यावरच झालेली असते.

आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, निदेशक जवळ नसताना. "आतापर्यंत केलेला एखादा जॉब दाखव" म्हणा. फिटरचा मुलगा स्क्वेअर फिटिंगचे दोन तुकडे काढून दाखवेल, एकात एक बसणारे. उजेडाकडे धरा. सगळ्या बाजूंनी उजेड सारखाच आला तर तुमच्या विद्यार्थ्याला तिथे बिनधास्त पाठवा. ज्याच्याकडे दाखवायला काही नाही, त्याला दोष देऊ नका. फक्त ती संस्था लक्षात ठेवा.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम महासंचालनालयाच्या भारत स्किल्स या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि त्याच्या शेवटी हत्यारांची आणि मशिनांची पूर्ण यादी असते, किती मुलांमागे किती नग यासकट. शाळेतल्या एखाद्या विज्ञानाच्या शिक्षकानं तेवढी पानं छापून घेतली आणि वर्कशॉपमध्ये फिरताना टिकमार्क करत गेला तर कुठल्याही संस्थेचं पाणी अर्ध्या तासात कळतं.

कुणी म्हणेल, सरकार पैसे ओततंय, आता सगळं सुधारेल. ओततंय हे खरं. 2007-08 मध्ये देशातल्या 1396 सरकारी आयटीआयना उद्योगांच्या भागीदारीतून प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राची पीएम-सेतू योजना सुरू झाली, 60,000 कोटींची, 1000 सरकारी आयटीआयसाठी. आपल्या राज्यात 2024 मध्ये बऱ्याच आयटीआयना थोरामोठ्यांची नावंही दिली गेली. मशिन येतात, फलक येतात. तुम्ही आत गेल्यावर एवढंच बघा की नव्या मशिनवरचं प्लास्टिक निघालंय का.

आता खाजगीबद्दल. राज्यात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत आणि खाजगी त्याहून जास्त. सरसकट खाजगीला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. जुन्या शिक्षणसंस्थांच्या काही खाजगी आयटीआयतून आलेली उत्तम पोरं माझ्याकडे आहेत. पण तिथे एक गोष्ट आधी तपासा: संलग्नता. ती संस्थेला एकदा मिळाली की सगळ्याला लागू, असं नसतं. कुठल्या ट्रेडला, किती तुकड्यांना, हे वेगवेगळं मंजूर होतं. फिटरला मान्यता आहे म्हणून शेजारच्या खोलीत चालणाऱ्या कोर्सलाही ती आहे असं समजू नका. ज्याच्या शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, तो आयटीआय. सहा महिन्यांचा कोर्स करून एखादी 'इन्स्टिट्यूट' स्वतःच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र देत असेल तर तो वेगळा प्रकार. काही कोर्स कामाचे असतातही, पण ते दाखवून रेल्वेच्या टेक्निशियनचा किंवा महावितरणच्या विद्युत सहायकाचा फॉर्म भरता येत नाही, आणि हे मुलाला फॉर्म भरायच्या दिवशी कळतं.

"रोज यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो" असं जिथे सांगतात, तिथून मुलाला हात धरून बाहेर काढा. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, हा नियम आहे. तो वाकवून देणारी संस्था मुलावर उपकार करत नाही, त्याची 840 तासांची कमाई खाते. आणि जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका: मे-जून महिन्यात काही शाळांच्या आवारात माहितीपत्रकं वाटणारे लोक येतात, चहापाणी होतं, मुलांच्या मोबाइल नंबरांची यादी मागितली जाते. ती देऊ नका. द्यायचीच तर आधी त्यांच्याकडून संलग्नतेचा कागद मागून बघा.

फीबद्दल फार लिहीत नाही. सरकारी आयटीआयची फी मजुरी करणाऱ्या बापालाही झेपते, खाजगीत चौकशी करून, पावती घेऊनच पैसे भरावेत. विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला 40 रुपये होतं, ते 2023 मध्ये 500 करण्याचा निर्णय झाला. पासाला आणि वडापावला हातभार.

ट्रेड कुठला, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवला, कारण चांगल्या आयटीआयतला तिसऱ्या पसंतीचा ट्रेड हा वाईट आयटीआयतल्या पहिल्या पसंतीच्या ट्रेडपेक्षा मला केव्हाही बरा वाटतो. यावर माझ्याशी वाद घालणारे इथेच एमआयडीसीत भेटतील. तरी दोन गोष्टी सांगतो.

एक, ट्रेड आपल्या भागात काय चालतं ते बघून घ्या. आमच्या कोल्हापुरात फाउंड्रीला माणूस मिळत नाही म्हणून मालक हैराण आहेत आणि फाउंड्रीमन ट्रेड कुणी पहिल्या क्रमांकावर टाकत नाही. उष्णता, धूळ, काळे कपडे, हे सगळं आहे. पण वाळू, साचा आणि धातू समजणारा मुलगा चार वर्षांत सुपरवायझर होतो, इथे बीए झालेले त्याच्या हाताखाली नोंदी करतात. रत्नागिरीत मासळीची शीतगृहं आहेत, तिथे रेफ्रिजरेशन आणि एसीचा मेकॅनिक लागतो. चाकणला गाड्यांचे कारखाने, तिथे मशिनिस्ट, वेल्डर, मेकॅट्रॉनिक्स. स्वतःचं काम करायचं असेल तर इलेक्ट्रिशियन, वायरमन, प्लंबर या ट्रेडना गाव पुरतं, भांडवल एका पिशवीत मावतं.

दोन, दहावीत अडकलेल्या मुलाला "आता काही नाही" असं सांगू नका. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम, पत्र्याचं काम यांसारख्या ट्रेडना आठवी पास चालतं. यातला वेल्डर तर वर्षाचा आहे. हात बसलेला वेल्डर आमच्याकडे पगाराबद्दल विचारत नाही, सांगतो.

नव्या नावाच्या ट्रेडबद्दल जरा सावध राहा. सोलर टेक्निशियन, इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिक हे अधिकृत ट्रेड आहेत, पुढे चालतीलही. पण मुलाच्या मनात सरकारी नोकरी असेल तर रेल्वे, महावितरण, एसटी, माझगाव डॉक यांच्या मागच्या जाहिराती काढून त्यात तो ट्रेड नावानिशी आहे का बघा. नसेल तर मुलाला तसं सांगा, मग त्याला ठरवू दे.

मुलींच्या बाबतीत तुमचा शब्द जास्त चालतो, मॅडम. ड्रेस मेकिंग आणि ब्युटी कल्चर यापलीकडे त्यांच्यापुढे काही ठेवलंच जात नाही. माझ्याकडे इन्स्पेक्शनला दोन मुली आहेत, एक मशिनिस्ट, एक ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. ड्रॉइंगवरची चूक त्या मशिनवर जॉब चढायच्या आधी पकडतात. त्यांच्या बाबतीत आयटीआय बघताना वर्कशॉपबरोबर आणखी दोन गोष्टी बघा: स्वच्छतागृहाला कडी आहे का, आणि दुसरी शिफ्ट मिळाली तर संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता. चांगल्या मार्कांच्या मुली आयटीआय सोडतात त्या बऱ्याचदा अभ्यासामुळे नव्हे, या दोन गोष्टींमुळे.

"आयटीआय केलं की शिक्षण संपलं" हे तुमच्याकडूनच घराघरांत गेलंय, त्यामुळे दुरुस्तही तुम्हीच करा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवायची सोय आहे. आणि मधे एक पायरी आहे, जिच्याबद्दल शाळेत कुणीच बोलत नाही: अ‍ॅप्रेंटिसशिप. म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात काम शिकणं. कायदा 1961 चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. खडकी, अंबाझरीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नेव्हल डॉकयार्ड, रेल्वेचे कारखाने, एसटीची वर्कशॉपं, चाकण-पिंपरीच्या कंपन्या, सगळीकडे जागा निघतात.

पोरं ही पायरी गाळतात. कारण ठेकेदार हातात दोन-तीन हजार जास्त टिकवतो. तिथे वर्षभर तेच एक बटण दाबून मुलगा परत येतो तेव्हा त्याचं सर्टिफिकेट जुनं झालेलं असतं आणि हात तिथेच असतो. अ‍ॅप्रेंटिस केलेला मुलगा चूक झाली की कुणाला विचारायचं हे शिकून आलेला असतो, मला तर यातच फार मोठा फरक दिसतो. म्हणून आयटीआय निवडताना शेवटचा प्रश्न असा विचारा: मागच्या तुकडीतली किती मुलं अ‍ॅप्रेंटिसला गेली आणि कुठे? प्राचार्यांना आकडा तोंडपाठ असेल किंवा भिंतीवर यादी असेल तर उत्तम. "कॅम्पसला खूप कंपन्या येतात" एवढंच ऐकू आलं तर कंपन्यांची नावं विचारा.

एवढं सगळं शाळेनं कशाला करायचं, असं तुम्ही म्हणाल. पोर्टल भरा, पगाराचं शालार्थ भरा, निवडणुकीची ड्युटी करा, आणि आता ही सहलही. मान्य. पण शाळेनं हातकामाला बाहेर काढलंय ते फार जुनं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय राज्यातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत शिकवला गेला: वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक-आरोग्य, आठवड्यातला ठरावीक वेळ हातानं काम. अशा शाळेत शिकलेल्या मुलाला ट्रेड कुठला घेऊ हे ई-सेवा केंद्रातल्या ऑपरेटरला विचारावं लागत नाही. आठवीतच त्याला कळलेलं असतं की आपल्याला ठिणग्यांची भीती वाटते की मजा. प्रत्येक शाळेत हे उद्या सुरू होणार नाही. तोवर एक सकाळ वर्कशॉपमध्ये, एवढं तरी होऊ शकतं.

ती सकाळ कशी ठरवायची, तर आयटीआयच्या प्राचार्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. बहुतेक जण आनंदानं बोलावतात, त्यांनाही चांगली मुलं हवीच असतात. एक सरकारी, एक खाजगी बघा आणि परतताना एखाद्या चालू कारखान्यात अर्धा तास थांबा, म्हणजे आयटीआयत जे शिकवलं जातंय त्याची पुढे गरज कुठे पडते ते दिसेल. चाळीस मुलं एकदम आत नेऊ नका, कुणालाच काही दिसत नाही. दहा-दहाचे गट करा. प्रत्येक गटाला एकच काम द्या: घरी जाऊन लिहायचं की कुठल्या मशिनपाशी उभं राहावंसं वाटलं आणि कुठल्या मशिनपासून लांब जावंसं वाटलं. तो कागद जपून ठेवा. जूनमध्ये फॉर्म भरायच्या दिवशी मुलाच्या हातात द्या. आणि शक्य असेल तर निकालाच्या आठवड्यात शाळेची कॉम्प्युटर लॅब दोन दिवस उघडी ठेवा, फॉर्म तिथेच भरले जाऊ द्यात. संस्थांची यादी स्क्रीनवर असेल आणि बघून आलेला शिक्षक शेजारी असेल.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या शाळांना माझ्या शेडचं दार उघडं आहे. आमच्याकडे बघण्यासारखं फार नाही, चार लेथ, दोन सीएनसी, एक रेडियल ड्रिल. पण ती ओव्हल पिन आणि व्हर्नियर टेबलावर असतं, मुलांनी हात लावून बघावं. येताना मुलांना चपला नकोत, बूट घालून पाठवा. मुलींच्या ओढण्या बांधलेल्या, केस वर. फुल शर्टाच्या बाह्या दुमडून घ्यायला सांगा, चालू लेथजवळ सैल कापड चालत नाही. आणि दुपारी साडेबारा ते एक सोडून कधीही या, त्या वेळात माझी माणसं जेवतात.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक मशिन शॉपवाला